समोरच्याला सरळ

४ जुलै

तपासनीसबाई,

नमस्कार. पत्र हातात पडताच तुम्ही आधी लाल पेन शोधाल, हे मला माहीत आहे. खुशाल शोधा. आपला छापखाना बंद होऊन अकरा वर्षं झाली, तरी तुम्हाला लिहायला बसलो की प्रत्येक ओळ दोनदा वाचतो. सव्वीस वर्षं मी छपाईचे खिळे, एकेका अक्षराचे शिशाचे तुकडे, जुळवले आणि तुम्ही माझ्या चुका काढल्या. ती धास्ती अशी सहजासहजी थोडीच जाते!

पत्राला कारण आहे. ही गेल्याला दोन वर्षं झाली. सकाळ कशीबशी निघून जाते, पण दुपारनंतरचा वेळ जाता जात नाही. मुलगा-सून सातला घरी येतात. चार वाजले की घर अंगावर येतं. म्हणून मी वाचनालयात जाऊन बसायला लागलो. तिथं मागच्या खोलीत शाळेतून सुटलेल्या मुलांचा वर्ग भरतो, चार ते सहा. आईबाप उशिरा घरी येतात अशी पहिली-दुसरीतली तेरा पोरं. शिकवायला एक तरुण मुलगी आहे. सगळे तिला ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. एक दिवस ती एकटी, पोरं तेरा, आणि त्यातल्या दोघांची जुंपलेली. मी दारातून डोकावलो. ती म्हणाली, "आजोबा, पाच मिनिटं यांना काहीतरी वाचून दाखवता का?" ती पाच मिनिटं अजून संपलेली नाहीत.

बाई, या मुलांना अक्षरं येतात हो. क दाखवला तर क म्हणतात. पण पुस्तक कसं चालतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. ओळ संपल्यावर पुढं कुठं जायचं, हे आपण आईच्या पोटातून शिकून आलो असं आपल्याला वाटतं. एक जण ओळीच्या टोकाला पोचला की तिथूनच खाली उतरून उलटा परत येतो, शेत नांगरल्यासारखा. दुसरा पानाचा आकडाही गोष्टीतच धरतो. परवा मोठ्यानं वाचत होता, "माकड झाडावर चढलं सात." मी म्हटलं, सात काय रे? म्हणाला, "फांद्या असतील."

आणि एक आहे भिंगरी. एका जागी बसत नाही म्हणून भिंगरी. सात वर्षांची. एक शब्द कुठं संपतो आणि दुसरा कुठं सुरू होतो, हेच तिला उमगत नाही. बोट ठेवून वाच म्हटलं तर एका शब्दावर बोट ठेवून तीन शब्द बोलून मोकळी होते. ताई म्हणत होती, सप्टेंबरअखेर जमलं नाही तर हिला धाकट्यांच्या चटईवर बसवावं लागेल. मी म्हटलं, मला द्या तिला. तोंडातून निघून गेलं खरं. आता कसं करू ते तुम्हीच सांगा. खोटं कशाला बोलू, हे दोन तास मला फार हवे आहेत.

हाताला शाई नसलेला,
जुळारी


१५ जुलै

जुळारीबुवा,

पत्र मिळालं. चुका तीन निघाल्या. खुणा पेन्सिलीनं केल्यात, कारण लेकीच्या घरात लाल पेन सापडत नाही. त्या सात फांद्या वाचून मी इतकी हसले की लेक आतून धावत आली, आईला काय झालं म्हणून.

इथं तसं छान आहे. तिसरा मजला, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत, लेक-जावई दोघंही जीव लावतात. फक्त तपासायला काही नाही. हल्ली औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या तपासते. परवा एकीवर "जेवणानतर" निघालं. दुकानदाराला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, आजी, गोळी तीच आहे.

मला आपली ती खोली फार आठवते हो. तुमच्या खिळ्यांच्या खणांवर टांगलेला दिवा, रॉकेलच्या चिंध्यांचा वास, यंत्राची धडधड आणि त्या धडधडीत सगळ्यांनी ओरडून बोलायचं. घरी गेल्यावरही मी ओरडूनच बोलायचे, सासूबाईंना वाटायचं सून भांडखोर आहे. मी तिथं आले तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि सगळं येतं अशा तोऱ्यात होते. पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्या तळहातावर एक खिळा ठेवलात. त्यावर अक्षरच नव्हतं. मी म्हटलं, "हा तुटलाय." तुम्ही म्हणालात, "तुटला नाही. ही दोन शब्दांमधली मोकळी जागा. हीसुद्धा उचलून जुळवावी लागते." पदवी घेऊन आलेली मी, पण तोवर मला वाटायचं की दोन शब्दांच्या मधे काहीच नसतं.

जे मला शिकवलंत ते त्या पोरीला शिकवायला काय झालं? मला विचारता म्हणजे कमाल आहे तुमची.

पेन्सिलीवर भागवणारी,
तपासनीस


२ ऑगस्ट

बाई,

तुमचं पत्र वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. खिळे आता कुठून आणणार? मग मुलाच्या नव्या कपाटाचे पुठ्ठे कापले. काहींवर एकेक शब्द लिहिला, काही कोरेच ठेवले. मुलांना भिंतीपासून भिंतीपर्यंत ओळीत उभं केलं, प्रत्येकाच्या हातात एक पुठ्ठा. तुम्ही झालात वाक्य, म्हटलं. पण सगळे एकमेकांना चिकटून उभे, वाचणार कसं? भिंगरीच्या हातात कोरा पुठ्ठा दिला. म्हटलं, तू मोकळी जागा. तुझं काम काय, तर या दोघांना एकमेकांना चिकटू द्यायचं नाही.

काय सांगू बाई! दोन्ही हात पसरून अशी उभी राहिली की "माकड" आणि "झाडावर" यांची काय बिशाद पुढं यायची. "इथून पुढं यायचं नाही, इथं मी आहे!" दुसऱ्या दिवशी वर्गात शब्द व्हायला कुणी तयार नाही. सगळ्यांना मोकळी जागाच व्हायचंय. चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. ओळ संपली की शेवटच्या पोरानं धावत पहिल्या भिंतीशी जायचं आणि तिथून खालची ओळ सुरू करायची, असाही नियम केला. शेत नांगरणारा आता रोज धावतो.

मग पुस्तक उघडलं. भिंगरीचं बोट शब्दाखालून सरकलं, वरची रेघ तुटली तिथं थांबलं, आणि ती हळूच स्वतःशी म्हणाली, "इथं मी." पुढचा शब्द. "इथं मी." मी तोंड फिरवून चष्मा पुसला.

रोज शेवटची वीस मिनिटं मी वाचून दाखवतो. एक बसकं मेज आहे. मुलं अलीकडे, मी पलीकडे, पुस्तक त्यांच्यासमोर सरळ, आणि माझं बोट शब्दांखालून चालतं. श्वाससुद्धा ऐकू येत नाही कुणाचा. ताई म्हणाली, "आजोबा, तुम्ही आलात आणि मला दोन घोट चहा गरम प्यायला मिळायला लागला." ही असती तर म्हणाली असती, घरात कधी दोन वाक्यं धड बोलला नाहीत आणि तिकडं गोष्टी सांगताय.

पुठ्ठ्यानं बोटं कापलेला,
जुळारी


१३ सप्टेंबर

जुळारीबुवा,

माझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. आजारी आहात की रुसलात? रुसला असाल तर कशावरून ते कळवा, म्हणजे तेवढं तरी वाचायला मिळेल. भिंगरीचं काय झालं?

तपासनीस


२० सप्टेंबर

बाई,

रुसलो वगैरे नाही. गुडघा जरा दुखतो. घरात नवे पडदे लावले, निळे आहेत. मुलाच्या नव्या कपाटाचं दार अजून लागत नाही, सुताराला दोनदा बोलावलं. दुपारी चारला वर्तमानपत्र पुन्हा एकदा वाचतो, सकाळी नीट वाचून होत नाही. सून म्हणते, फिरायला जात जा. वर्ग ठीक चालला असावा. तुमची तब्येत सांभाळा.

जुळारी


२७ सप्टेंबर

जुळारीबुवा,

तुमचं पत्र तपासलं. चूक एकही नाही, आणि तिथंच मला शंका आली. तुम्ही बिनचूक तेव्हाच लिहिता जेव्हा मनात काहीतरी दाबून ठेवलेलं असतं. छापखाना बंद होणार हे आम्हाला कळायच्या आधी पंधरा दिवस तुमच्या एकाही पानात चूक नव्हती. मालकांनी फक्त तुम्हाला सांगितलं होतं.

वर्ग "ठीक चालला असावा" म्हणजे काय? आणि चार वाजता तुम्ही घरी बसून वर्तमानपत्र का वाचता? माझ्यापासून लपवून काय मिळणार आहे तुम्हाला? गळालेला मजकूर शोधून काढण्यातच माझा जन्म गेला. सरळ लिहा.

तपासनीस


५ ऑक्टोबर

बाई,

तुमच्यापुढं कधी काही लपलंय म्हणून आता लपणार! वाचा.

ऑगस्टच्या शेवटी वाचनालयाच्या समितीतले एक गृहस्थ वर्ग बघायला आले. चष्मेवाले, खिशाला तीन पेनं. ताईनं मुलांना पुस्तकं वाटली आणि वाचा म्हणाली. चार मुलांनी पुस्तकं उलटी धरली. हो, उलटी. चित्रातलं माकड डोक्यावर, आणि ही पोरं बोट ठेवून गंभीरपणे वाचल्याचा आव आणतायत. ते गृहस्थ म्हणाले, "जूनमधे हे असं नव्हतं. मधल्या काळात काय बदललं?" ताईनं पुस्तकं गोळा करायला घेतली. पण सगळ्यांना दिसत होतं की बदललो तो मी.

त्याच आठवड्यात भिंगरीची आई आली. शिवणकाम करते, गळ्यात टेप तसाच होता. रागावली असती तर बरं झालं असतं. ती रडायलाच लागली. म्हणाली, "घरी पुस्तक उलटं ठेवून वाचत बसते हो. मी मागून बघते रोज. आधीच मागे होती, आता उलटंच व्हायला लागलं."

संध्याकाळी ताई म्हणाली, "आजोबा, थोडे दिवस घरी आराम करा." फार गोड बोलली. मला काय कळायचं ते कळलं.

शपथेवर सांगतो, उलटं धरा असं मी एकदाही म्हणालो नाही. मग हे झालं कसं? रोज चार वाजता डोकं धरून हाच विचार करतो. सरळ करायला गेलो आणि मुलांचं नुकसान करून बसलो. भिंगरीला आता धाकट्यांच्या चटईवर बसवतील, ते माझ्यामुळं. पहिल्या दिवशी वाचनालयाच्या दारातून आत डोकावलोच नसतो तर बरं झालं असतं.

तुम्हाला माझी लाज वाटेल म्हणून लिहिलं नव्हतं.

जुळारी


११ ऑक्टोबर

अहो जुळारीबुवा,

मी आधी वेड्यासारखी हसले, मग तुम्ही महिनाभर एकट्यानं हे उरात घेऊन बसलात म्हणून फार वाईट वाटलं. वेडे आहात तुम्ही.

तुमची चूक सापडली. ऑगस्टच्या पत्रातच आहे. मी ती वाचून पुढं गेले, माझ्यासारखीनं जायला नको होतं. तुम्ही लिहिलंय, मुलं अलीकडे, मी पलीकडे, पुस्तक त्यांच्यासमोर सरळ. बरोबर. पण मग ते तुमच्यासमोर कसं होतं?

उलटं! आणि तुम्हाला त्याचा पत्ताच नाही, कारण तुम्हाला तसंच वाचता येतं. छापून अक्षर सरळ उमटावं म्हणून जन्मभर खिळे उलटे लावलेत, उलट्या ओळी वाचल्यात. माझ्या टेबलापलीकडे उभे राहून माझ्यासमोरचा कागद घडाघडा वाचायचात, आणि माझी लाल खूण पूर्ण व्हायच्या आत "कळलं, कळलं" म्हणायचात. दुसरा कुणी असता तर दोन ओळींत अडखळला असता आणि उठून मुलांच्या बाजूला येऊन बसला असता. तुम्ही अडखळलातच नाही. मुलांनी बिचाऱ्यांनी काय पाहिलं? या खोलीत सगळ्यात छान वाचणारा माणूस पुस्तक स्वतःकडे उलटं ठेवतो. त्यांना छान वाचायचं होतं, म्हणून त्यांनीही उलटं ठेवलं. तुम्ही सांगितलेलं कुणी शिकलं नाही, तुम्हाला बघून शिकले.

तेव्हा नुकसान वगैरे काही नाही. मुलांच्या शेजारी बसा, पुस्तक सगळ्यांना एकाच बाजूनं दिसू द्या. चार दिवसांत जागेवर येतील.

मी ताईंना वाचनालयाच्या पत्त्यावर वेगळं पत्र टाकलंय. सगळं सविस्तर लिहिलंय, खिळ्याचं चित्रसुद्धा काढलंय. रागवायचं असेल तर रागवा, पण वर्गातून आल्यावर.

तपासनीस


३० ऑक्टोबर

तपासनीसबाई,

रागावलो नाही. तुमचं पत्र घेऊन ताई घरी आली. पडदे छान आहेत म्हणाली, मग तुमचं पत्र उघडून मांडीवर ठेवलं. शेवटी म्हणाली, "आजोबा, मी तुमच्याशेजारी एकदा तरी बसले असते तर मलाच दिसलं असतं. गरम चहाच्या नादात लक्षच गेलं नाही." ठरलं असं, की शुक्रवारी मी यायचं, मुलांच्या बाजूला बसायचं, आणि समितीच्या त्या गृहस्थांनीही बघायला यायचं. पुस्तकं सरळ झाली तर मी राहायचं, नाही तर पुन्हा विषय काढायचा नाही.

परीक्षेला बसल्यासारखा गेलो. दाढी दोनदा केली. मेजाच्या अलीकडे पोरांमधे घुसून बसलो, तर सात फांद्यांवाला म्हणाला, "आजोबा, तुम्ही चुकीच्या बाजूला बसलात." म्हटलं, नाही रे, आत्ता बरोबर बसलोय. एक गोष्ट वाचली. मग ताईनं पुस्तकं वाटली. त्या चौघांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पुस्तकाकडे, आणि एकेक करून फिरवून सरळ ठेवली. पेनवाल्या गृहस्थांनी वहीत काहीतरी टिपलं. बाई, तुम्ही पकडलेली चूक शंभर टक्के बरोबर.

मग ताई म्हणाली, भिंगरी, तू वाच. भिंगरी माझ्या शेजारीच होती. पुस्तक सरळ होतं. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं, माझ्याकडे बघितलं, आणि उचलून मेजाच्या पलीकडे गेली. तिथं बसली. पुस्तक ठेवलं. स्वतःकडे उलटं.

गृहस्थ खाकरले. ताई हळू आवाजात म्हणाली, "भिंगरी, सरळ कर बघू." ती म्हणाली, "सरळच आहे." आणि वाचायला लागली. तिचं बोट तिच्या उजवीकडून डावीकडे, म्हणजे माझ्या डावीकडून उजवीकडे चालत होतं. शब्द संपला की थांबत होतं. ओळ संपली की पुन्हा आरंभाला जात होतं. एक शब्द चुकला नाही.

"पाठ आहे तिचं," गृहस्थ म्हणाले. ताईनं पानाच्या मधल्याच एका शब्दाखाली पेन्सिल टेकवली. भिंगरीनं वाचला. दुसऱ्या पानावरचा दाखवला, तोही वाचला. गृहस्थांनी स्वतःच्या वर्तमानपत्रातला मथळा पुढं केला. तिनं तो त्यांच्याकडे सरळ फिरवून ठेवला आणि अडखळत का होईना, वाचून काढला. त्यांनी पेन खिशात ठेवलं.

ताईनं विचारलं, "अगं, तुला सरळ धरून वाचता येत नाही का?"

"येतं की. दोन्हीकडून येतं. पण ज्याला वाचून दाखवायचं त्याला सरळ दिसायला नको? घरी छोटा माझ्यासमोर बसतो. तो चित्रं बघतो, मी वाचते." छोटा म्हणजे तिचा भाऊ, अडीच वर्षांचा. आई मशीनवरून बघायची ती हिच्या पाठीमागून. तिला पुस्तक उलटं दिसायचं, समोरचा छोटा दिसायचाच नाही.

बाकीच्या चौघांनी मला बघून नक्कल केली होती. हिनं मी तसं का करतो ते बघितलं होतं, आणि ते तर मलाही माहीत नव्हतं. इथं मात्र बाई, चूक काढली तिथं चूक नव्हतीच. तुम्हीही फसलात, आणि मला त्याचा थोडा आनंद झालाय, तेवढा होऊ द्या. तिच्या आईला ताई लगेच जाऊन सांगून आली. चटईचा विषय संपला. मला म्हणाली, "सोमवारी चारला, आजोबा. उशीर करू नका."

हे सगळं झालं, मुलं दप्तरं उचलायला पळाली, तरी भिंगरी जागची हलली नाही. म्हणाली, "गोष्ट अर्धीच राहिली." आणि उरलेली मला वाचून दाखवायला लागली. मी अलीकडे बसून ऐकत होतो. सरळ अक्षरं माझ्यापुढं, बोट माझ्यासाठी चाललेलं.

बाई, माझ्या आईला वाचता येत नव्हतं. वडील कामावरून यायचे ते झोपायलाच. चौदाव्या वर्षी छापखान्यात लागलो आणि पुढची सगळी वर्षं दुसऱ्यांनी वाचावं म्हणून जुळवत राहिलो. किती पुस्तकं माझ्या हाताखालून गेली त्याची गणती नाही. पण मला कधी कुणी पुस्तक वाचून दाखवलं नव्हतं. एकाहत्तर वर्षांत एकदाही नाही, हे मला त्या मेजापाशी बसल्यावर पहिल्यांदा कळलं.

शेवटचं पान झालं. तिनं मान वर करून विचारलं, "कळलं का? की परत वाचू?"

मला सगळं कळलं होतं. तरी म्हटलं, परत वाच.

जुळारी